डिंक्या आणि मूळकुजीने खचलेल्या संत्राबागेचे पाणी व खत

नमस्कार. आपण कळवले आहे की भारी काळ्या जमिनीतली आपली नऊ वर्षांची संत्राबाग गेल्या दोन पावसाळ्यांपासून पिवळी पडत आहे, सुमारे निम्म्या झाडांच्या बुंध्यावर डिंक दिसतो (हाच डिंक्या रोग), शेंडे वाळत आहेत, आणि युरियाची मात्रा वाढवून व ठिबकच्या जोडीला पाटाचे पाणी देऊनही सुधारणा नाही. या झाडांना मृग बहाराचा ताण (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुले यावीत म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडणे) द्यावा का, हेही आपण विचारले आहे. त्याचे उत्तर आधी देतो: डिंक आलेल्या झाडांना यंदा ताण देऊ नये, आणि त्यांच्यावर फळे धरली असतील तर तीही काढून टाकावीत. एक हंगाम जाण्याचे दुःख मी समजतो, पण अशा झाडाला भर उन्हाळ्यात पाण्यावाचून ठेवले तर उरलेली तंतुमुळेही जातात.

विदर्भातील वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यात हा प्रकार बहुधा फायटोप्थोरा या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, त्यामुळे साचलेले पाणी आणि ओला बुंधा हेच तिचे वाहन ठरते. ती आधी तंतुमुळे कुजवते आणि पाने पिवळी होतात ती बऱ्याच उशिरा. म्हणून जमीन ओली असूनही झाड सकाळीच मलूल दिसत असेल, तर त्याला पाणी कमी पडत नसून ते उचलणारी मुळे कमी पडत आहेत. त्यावर आणखी पाणी सोडले की जमिनीतली हवा संपते आणि बुरशीचे काम सोपे होते. आपल्या बागेत पाटाच्या पाण्याने हेच घडले असावे. ते आजच बंद करावे.

खात्री करण्यासाठी दोन-तीन झाडांच्या घेराच्या (फांद्यांची सावली पडते त्या भागाच्या) कडेला हलक्या हाताने एक फूट खोल उकरून पाहावे. निरोगी तंतुमुळे पिवळसर पांढरी आणि चिवट असतात. कुजलेल्या मुळाची साल बोटांनी ओढताच निघते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. ज्या झाडाची मुळे जेवढी उरली, तेवढेच पाणी आणि तेवढेच खत त्याला द्यायचे, हा माझ्या सांगण्याचा गाभा आहे. वय नऊ वर्षे आहे म्हणून नऊ वर्षांच्या निरोगी झाडाचा हिशेब लावणे चुकीचे आहे.

पाण्याचा हिशेब असा करावा. घेराचा व्यास चार मीटर असलेल्या झाडाखाली सुमारे साडेबारा चौरस मीटर सावली पडते. उन्हाळ्यात दिवसाचे बाष्पीभवन 10 मिलिमीटर धरले आणि बाष्पीभवन पात्राचा (बाष्पीभवन मोजण्याच्या उघड्या भांड्याचा) व पिकाचा गुणांक प्रत्येकी 0.7 घेऊन या सर्वांचा गुणाकार केला, तर निरोगी झाडाची गरज दिवसाला 60 लिटरच्या आसपास येते. पानोरा (पानांचा एकूण भार) निम्म्यावर आलेल्या झाडाला 30 ते 35 लिटरपासून सुरुवात करावी आणि नवी पालवी फुटेल तसे वाढवावे. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. सहा इंच खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी, तिचा गोळा होऊन हाताला चिकटत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. भारी जमिनीत वाफसा (ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती) येऊ देणे हाच निम्मा उपचार आहे.

एकाच लॅटरलवर (ठिबकच्या एका नळीवर) आजारी आणि निरोगी झाडे असतील तर आजारी झाडांचे ड्रिपर बदलून कमी प्रवाहाचे लावावेत, म्हणजे निरोगी झाडांची उपासमार होणार नाही. ड्रिपर बुंध्यालगत असतील तर ते घेराच्या आतच, पण कडेकडच्या एक-तृतीयांश भागात सरकवावेत. ठिबक बंद पडून आळ्याने पाणी द्यावेच लागले तर दुहेरी आळे करावे: बुंध्यापासून सुमारे दोन फुटांवर आतला मातीचा बांध, घेराच्या कडेला बाहेरचा, आणि पाणी फक्त दोहोंच्या मध्ये. पावसाळ्यापूर्वी दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने एक फूट रुंद आणि एक ते दीड फूट खोल चर काढावा. चराचा खर्च अनेकांना नकोसा वाटतो, पण निचरा नसेल तर पुढचे सर्व उपचार वाया जातात, हे मी कळकळीने सांगतो.

रोगाचा उपचार झाल्याशिवाय खत देऊन उपयोग नाही. वाळलेली सल (मेलेल्या काड्या-फांद्या) काढावी, डिंकाची साल धारदार चाकूने तासून जखम पोटॅशियम परमँगनेटच्या एक टक्का द्रावणाने पुसावी आणि बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये. जमिनीत मेटॅलॅक्सिल-मँकोझेब या बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळांशी ओतणे) किंवा पानांवर फोसेटिल-एएलची फवारणी, दोन्ही लिटरला 2.5 ग्रॅमने, लेबल वाचून करावी. फोसेटिल पानांतून मुळांकडे उतरते, म्हणून मुळे कमी असलेल्या झाडाला ते विशेष उपयोगी; मात्र ते ताम्रयुक्त औषधात मिसळू नये.

खताबद्दल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पूर्ण वाढलेल्या झाडाची शिफारस वर्षाला 800 ग्रॅम नत्र, 300 ग्रॅम स्फुरद, 600 ग्रॅम पालाश आणि 7.5 किलो निंबोळी पेंड अशी आहे. निम्मा पानोरा गेलेल्या झाडाला नत्र निम्मेच द्यावे आणि तेही ठिबकमधून दर आठ-दहा दिवसांनी थोडेथोडे द्यावे. एकदम टाकलेला युरिया अशा मुळांना पोळतो आणि उरलेला निचऱ्याबरोबर जातो. आपली जमीन चुनखडीची असेल तर युरियापेक्षा अमोनियम सल्फेट बरे, कारण ते मुळांजवळचा सामू (पीएच) थोडा खाली आणते आणि गंधकही देते.

मुळे दुबळी आहेत तोवर सूक्ष्म अन्नद्रव्ये पानांवाटेच द्यावीत. नवी पाने बारीक आणि शिरांच्या मध्ये पिवळी असतील तर जस्ताची कमतरता समजून, पालवी दोन-तृतीयांश वाढलेली असताना अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुन्याचे निवळ पाणी फवारावे. कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसत असेल तर लोह कमी आहे. पण ओल्या जमिनीत हे लक्षण वाफसा येताच आपोआप ओसरते, म्हणून आधी निचरा पाहावा. चुनखडीच्या जमिनीतून लोह द्यायचेच असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) घ्यावे; फेरस सल्फेट तिथे लगेच अडकून बसते आणि ईडीटीए प्रकारचे चिलेटही फार टिकत नाही.

पानाच्या मुख्य शिरेच्या दोन बाजूंना पिवळेपणा वेगवेगळा आणि डागाडागांनी असेल, फळे एका अंगाने वाकडी राहत असतील, तर मात्र ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा. फ्लोरिडात 2005 मध्ये हा रोग आढळल्यापासून तिथल्या बागायतदारांनी खताच्या वारंवार, छोट्या मात्रांनी झाडे काही काळ तगवली, पण खताने रोग बरा झाला नाही आणि ती झाडे सायला किडीमार्फत शेजाऱ्यांना रोग देत राहिली.

बुंध्याची साल अर्ध्याहून अधिक घेरात गेलेली झाडे वाचवण्याच्या मागे लागू नये. ती मुळांसकट काढून खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्यावा. नवी कलमे जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची (ज्या मूळरोपावर कलम बांधतात तो खुंट) घ्यावीत, कलमाचा जोड जमिनीपासून किमान नऊ इंच वर असल्याचे रोपवाटिकेतच मोजून पाहावे आणि लावताना तो जोड मातीत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी.