विशेषणं गाळ, पावत्या लाव

प्रिय पोरी,

मामांच्या द्राक्षांच्या बुडवलेल्या पैशांवर लिहिलेला मजकूर नेटवर टाकण्याआधी मला दाखवलास, हे बरं केलंस. रागानं लिहिलायस, आणि राग रास्त आहे. दिंडोरी-निफाडकडं हे काही नवं नाही. व्यापारी बागेत येऊन सौदा करतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजतो, विश्वास बसला की उरलेल्या मालाचा चेक देतो, आणि मग फोन बंद. त्यामुळे 'कशाला भानगडीत पडतेस' असं मी म्हणणार नाही. आपण गप्प बसलो की तोच माणूस पुढच्या गावात दुसऱ्याच्या बागेचा सौदा करतो. नाव घेऊनच लिही.

पण काय लिहिलंयस ते बघू. पहिल्या दोन वाक्यांत तारीख आहे, किती क्विंटल माल गेला, काय दर ठरला, चेक कधी परत आला. त्याला हात लावू नकोस. तिसऱ्या वाक्यात तो 'दरोडेखोर' झाला, चौथ्यात त्यानं 'शेकडो शेतकऱ्यांना बुडवलं', पाचव्यात त्याच्या वारलेल्या बापाचा उद्धार, आणि खाली बंगल्याचा फोटो, गेटवर त्याची बायको उभी.

शेकडो कुठून आले? तुला ठाऊक आहेत मामा आणि शेजारच्या मळ्यातले दोघं. मग तिघं लिही. तिघांच्या पावत्या समोर ठेवल्यास, तर त्या शेकड्यांपेक्षा भारी पडतात. 'दरोडेखोर' कोर्टात सिद्ध कसं करशील? 'चेक वटला नाही' हे बँकेचा कागदच सांगतो. बाप गेलाय म्हणून त्याच्याबद्दल काहीही लिहिलेलं चालतं असंही नाही. घरच्यांच्या भावना दुखवायला मृत माणसाची नालस्ती केली, तर कायदा तिलाही बदनामी मानू शकतो. आणि त्या बाईनं मामांकडून एक घडसुद्धा नेलेला नाही. तो फोटो आजच काढून टाक.

तुमच्या वयाच्या मुलांत एक समज आहे, की माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, नेटवरच्या मजकुरासाठी अटक करता येणारं 66अ कलम गेलं म्हणजे नेटवर रान मोकळं. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 2015 मध्ये ते कलम रद्द झालं. उत्तम झालं. मात्र त्याच न्यायालयानं मे 2016 मध्ये फौजदारी बदनामीचं कलम कायम ठेवलं. आता ते भारतीय न्याय संहितेत 356 व्या क्रमांकावर आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. तिथं 'खरं आहे' एवढ्यानं भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दुसऱ्यांना सद्‌हेतूनं सावध करणं हा अपवाद त्यात आहे, तुझ्यासाठी तोच कामाचा. पण पुरेशी काळजी घेतली नसेल, तर कायद्याच्या लेखी तो सद्‌हेतू नव्हे.

म्हणून विचारतो, त्याला फोन केलास का? मजकुरात कुठं दिसत नाही. मेसेज पाठव: इतकी रक्कम बाकी आहे, तुमचं म्हणणं काय, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. 'माल खराब निघाला' असं म्हणेल, बहुतेक जण हेच म्हणतात. ते त्याच्याच शब्दांत टाक आणि शेजारी काट्याची पावती लाव. उत्तर आलं नाही तर तेवढंच लिही, वर टोमणा नको. आमच्या डेस्कवर दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी पुढं सरकत नसे. आम्ही फार सज्जन होतो म्हणून नव्हे, नोटिशीला भिऊन!

उद्या त्यानं पैसे चुकते केले, तर त्याच पोस्टच्या वर तसं लिहायचं, खाली कमेंटमध्ये नाही. तरीही व्हॉट्सॲपवर फिरणारे स्क्रीनशॉट तुला परत बोलावता येणार नाहीत. म्हणूनच पहिलाच मजकूर असा हवा की वर्षभरानं कुणी समोर धरला तरी तुला मान खाली घालावी लागू नये.

'पोलिसात देतो' अशी धमकी आली तर लगेच पोस्ट उडवू नकोस. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यासाठी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल. वकिलाची नोटीस आली, तर मात्र उत्तर स्वतः लिहीत बसू नकोस.

आणि या सगळ्याआधी चेकचं बघ. तो परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. पोस्टच्या नादात ही मुदत टळली, तर हजार लाइक मिळूनही मामांच्या हाती काही लागणार नाही. बँकेचा मेमो कोणत्या तारखेला मिळाला ते आज रात्रीच कळव. सोमवारी मामांना घेऊन नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात ये, मी अकराला गेटपाशी थांबतो. पावत्यांच्या झेरॉक्स दोन-दोन आण, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका.

तुझा,
काका