शेवंती का रुसली?

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेतो.

शहापूर, बेळगाव : शेवंती कमरेएवढी वाढली, पानं हिरवीगार आहेत, पण अजून एक कळी नाही. कुंड्या गेटजवळ आहेत. खत बदलू का?

खताचं नंतर बघू. गेटजवळ रस्त्यावरचा दिवा आहे का, ते आधी पाहा. रात्र लांबत गेली की शेवंती कळी धरते आणि ती रात्र सलग काळोखाची लागते. दिव्याचा उजेड पानांवर पडत राहिला, तर तिच्या लेखी अजून आषाढच चालू असतो. ती नुसता पाला वाढवते. कुंड्या आजच मागच्या परड्यात, अंधाऱ्या बाजूला हलवा आणि युरिया देत असाल तर बंद करा. तीन-चार आठवड्यांनी शेंड्याची पानं बोटानं हळूच बाजूला करून बघा, आत मोहरीएवढी कळी दिसेल. संक्रांतीच्या सुमारास घरची फुलं मिळायला हरकत नाही. पुढच्या वर्षी शेंडे खुडाल ते श्रावणापर्यंतच. त्यानंतर खुडलं तर कळीच हातात येते.

टिळकवाडी : यंदाच्या पावसात गॅलरीतली कोरफड, गुलाब, तुळस तिन्ही कुजली. पावसाळा आला की बागेचा उत्साहच मावळतो.

आपल्याकडे झड लागली की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी मुळांचा जीव घेतं. मिरगाआधीच ताटल्या काढा, कुंड्या विटांच्या तुकड्यांवर चढवा. आपल्या तांबड्या मातीत वाळू आणि भाताचं तूस मिसळलं की पाणी तुंबत नाही. कोरफडीला पागोळ्यांपासून लांब, भिंतीशी ठेवा.

पण एवढ्यावर थांबू नका. पावसाला आवडणारी झाडंही लावा. वळीव पडून गेला की तेरड्याचं बी टाका, गौरी येईपर्यंत तो फुललेला असतो. त्याची पिकलेली बोंडं चिमटीत धरून पाहिलीत का कधी? पटकन फुटतात, साल आतल्या आत गुंडाळते आणि बी अंगावर उडतं. माझ्या मते भाद्रपदातली ही सर्वांत मोठी मौज आहे. जास्वंदीचे फाटेही पावसातच धरतात: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी, डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा खाली तिरका काप आणि आडोशाची जागा.

निपाणी : काळ्या रानात घर आहे. एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, पाणी घालूनही झाडं वाळतात. उन्हाळ्यात बाग करूच नये का?

करावी, पण थोडी. काळी माती वाळताना आकसते, भेग पडली की बारीक मुळं तुटतात आणि ओतलेलं पाणी त्याच भेगेतून खाली निघून जातं. म्हणून शिवरात्रीच्या सुमारास, माती अजून ओली असतानाच, आळ्यात चार बोटं जाड पाचट पसरा. खोडाला मात्र भिडवू नका. तुमच्या निपाणी-चिकोडी भागात उसाच्या पाचटाला तोटा नाही. ते रानात पेटवून दिलेलं पाहिलं की जीव तुटतो. पाणी संध्याकाळी द्या, रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पोटभर.

आणि उन्हाळा मोगऱ्यासाठी राखून ठेवा. पौषात त्याचं पाणी तोडा, संक्रांतीनंतर छाटा, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सोडा. चैत्रात संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवा. रात्री उमलतात आणि घरभर वास सुटतो.

बेळगाव, वसतिगृहातली विद्यार्थिनी : खिडकीत एकच कुंडी मावते. काय लावू?

कोथिंबीर. धणे रगडून दोन भाग करा आणि पेरा. आत्ताची थंडी तिला मानवते.

खानापूर : बाग आमच्या यांची होती. ते वैशाखात गेले. तेव्हापासून मी तिकडे वळलेलेच नाही. पावसात सगळं रान माजलंय. काढून टाकू का?

ताई, एवढ्यात काही काढून टाकू नका. सगळी बाग एकदम साफ करायलाही जाऊ नका, दमून जाल आणि मन आणखी खट्टू होईल. गुलाब असेल तर त्यांच्या हातचं एकच झाड निवडा. पाऊस सरला आहे, छाटणीचे हेच दिवस आहेत. वाळक्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळापाशी काढा. उरलेल्या गुडघ्याएवढ्या ठेवा. कात्री बाहेरच्या अंगाला बघणाऱ्या डोळ्याच्या वर लावा. दोन आठवड्यांत त्या डोळ्यातून तांबूस फुटवा निघतो. रोज सकाळी चहा घेऊन तो बघायला जा, बाकीच्या बागेकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल. दीड-दोन महिन्यांत फूल येईल. मग दुसऱ्या झाडाकडे वळावंसं वाटलं तर वळा, नाही वाटलं तर तेही ठीक.

कलमी गुलाब असेल तर कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे तेवढे काढत राहा आणि जाड फांद्यांच्या कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीरोधक लेप) लावायला विसरू नका.