हार्प नुसता ऐकवू नकोस, हातात दे

प्रिय,

हार्प लोकांपर्यंत पोचवायचा तुमच्या गटाचा वर्षभराचा आराखडा वाचला. मोठं सभागृह, पाहुणे वादक, कार्यक्रमाआधी इतिहासावर छोटं भाषण. मेहनत दिसते, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली आहे. मंचावरचा पेडल हार्प, म्हणजे पायाने पेडल दाबून स्वर बदलायचा मोठा हार्प: 47 तारा, 7 पेडल आणि चाळीस किलोंच्या आसपास वजन. लोक भारावतात, फोटो काढतात आणि हे आपल्यासाठी नाही, असं ठरवून घरी जातात. ते पक्कं ठरायच्या आत त्यांची बोटं तारेवर पडायला हवीत.

त्यासाठी लहान लिव्हर हार्प ने, म्हणजे तारेचा स्वर अर्ध्याने चढवणारे हाताचे खटके (लिव्हर) असलेला. एक युक्ती सांगतो. हार्प सी मेजरमध्ये, म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या पाश्चात्त्य सप्तकात लावलेला असेल आणि प्रत्येक तारेला लिव्हर असेल, तर सगळ्या सप्तकांतल्या ई आणि बी तारांचे लिव्हर वर कर. ई अर्धा स्वर चढून एफ होतो, बी चढून सी होतो. उरतात फक्त पाच स्वर. एफला सा मानलंस तर थेट भूप रागाचे! मग मुलाने कुठलीही तार छेडली तरी बेसूर वाजत नाही. हार्प ई-फ्लॅट मेजरमध्ये लावला असेल तर हेच जी आणि डी तारांवर कर. लाल तारा सी, काळ्या किंवा निळ्या तारा एफ, एवढं सांगितलं की मुलं आपापली वाट शोधतात. भाषण तेव्हा आपोआप लहान होतं.

खरी अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. मुलाला शिकायचंय आणि घरी वाद्य नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास तारांना हात लावून कुणी हार्प शिकत नाही. तेव्हा सभागृहाच्या भाड्याचे पैसे घरी न्यायला देता येतील अशा हार्पांवर घाल. कोणता हार्प कुणाकडे आहे, कधी परत येणार, कोणती तार तुटली, याची वही एकाच माणसाकडे असू दे. हे काम कंटाळवाणं आहे. त्याला टाळ्या नाहीत. तरी तुमच्यातला सर्वांत नेटका माणूस त्यावरच बसव. नायलॉनची नवी तार पहिले काही दिवस सारखी उतरते. वाद्य बिघडलंय असं समजून पालक ते परत आणून देतात. म्हणून हार्प देतानाच त्यांना सूर लावायला शिकव.

शिकवणं मात्र सगळंच स्वयंसेवकांवर सोडू नकोस. वाद्यं पोचवणं, तारा बदलणं, मुलांसोबत सरावाला बसणं त्यांना छान जमतं. पण अंगठा वर, छेडल्यावर बोटं तळहाताकडे मिटायची, करंगळी वापरायचीच नाही, ही बैठक जाणत्या शिक्षकाने सुरुवातीलाच पाहायला हवी. चुकीचं वळण लागलं की मोडता मोडत नाही. आणि त्या शिक्षकाला मानधन दे. सेवाभाव म्हणून शिक्षकाला फुकट राबवणाऱ्या संस्थांचा मला राग आहे, हे तुला ठाऊकच आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर बेलफास्टचं उदाहरण लक्षात ठेव. आयरिश हार्पची परंपरा विझत चालली म्हणून तिथे 1808 मध्ये एक संस्था उभी राहिली. अंध मुलांना हार्प शिकवायचा, म्हणजे त्यांना पोट भरायचं साधनही मिळेल, असा हेतू. शिकवायला आर्थर ओनील, स्वतः अंध आणि नावाजलेले हार्पवादक. शिक्षक होता, विद्यार्थी होते, हेतूत खोट नव्हती. सगळं लोकांच्या वर्गणीवर चालायचं. वर्गणी आटली आणि पाचेक वर्षांत शाळा बंद पडली. तुमच्या आराखड्यात उद्घाटनाचा खर्च बारकाईने लिहिलाय. तिसऱ्या वर्षी तारा कशातून आणणार, याची एक ओळही नाही.

रुग्णालयात आणि वृद्धाश्रमात जायचं ठरवलंयस, ते चांगलंच. फक्त प्रत्येक खोलीच्या दाराशी आधी विचार. आजारी माणसाला उठून जाता येत नाही, त्यामुळे नको म्हणायची सोय आपणच करून द्यायची.

आराखड्यातला खर्चाचा भाग नव्याने मांडून पाठव. त्यात सूर लावायच्या किल्ल्या हार्पांच्या दुप्पट धर, त्या हरवतातच.

तुझा,
जुना मास्तर