ग्राफाइट (यंत्रांकडून येणारे आकडे साठवून आलेख काढणारं सॉफ्टवेअर) बसवलंय, पण त्याच्या आलेखावर वेळ चुकीची दिसते. डेटा पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच साडेपाच तास मिळवले तर चालेल का?

नाही. तुमचे सिनिअर कितीही वर्षं या धंद्यात असोत, नाही.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ग्राफाइट-वेब (ग्राफाइटचा ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) नवीन बसवलंय तर लोकल सेटिंग्जच्या फाइलीत काय काय बदलायचं, मेमकॅश (तयार उत्तरं काही वेळ मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्राम) लावायचं का, आणि सिनिअर म्हणतात तसं टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्यावरच्या वेळेच्या शिक्क्यात, १९८०० सेकंद (साडेपाच तास) मिळवून वेळ ‘दुरुस्त’ करायची का. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला कुणीही सांगेल. मी तिसरीसाठी लिहितोय, कारण हाच उद्योग मी जवळून पाहिलाय.

आधी कारण. लोकल सेटिंग्जमध्ये टाइम झोनची ओळ तुम्ही भरली नाहीत तर ग्राफाइट सरळ ‘अमेरिका/शिकागो’ धरून चालतं. हे सॉफ्टवेअर ख्रिस डेव्हिस यांनी २००६ मध्ये ऑर्बिट्झ या प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या कंपनीत लिहायला घेतलं आणि २००८ मध्ये ते ओपन सोर्स झालं. ऑर्बिट्झ शिकागोची, म्हणून डिफॉल्टही शिकागोचा. म्हणजे हिवाळ्यात तुमचा आलेख साडेअकरा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेदहा तास. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं सरकली की तुमचाही अक्ष एक तास सरकतो आणि लोक सर्व्हरच्या घड्याळाला शिव्या घालत बसतात.

उपाय एका ओळीचा आहे: तिथे ‘आशिया/कोलकाता’ लिहा. ‘आयएसटी’ लिहू नका, त्या नावाचा झोन सापडत नाही आणि जँगो (ग्राफाइट-वेब ज्याच्यावर उभं आहे ते) सुरू होतानाच एरर देऊन बसतं. मग वेब प्रोसेस रीस्टार्ट करा. डेटाला काहीही होत नाही. व्हिस्परच्या फाइलीत (ग्राफाइट आकडे इथेच साठवतं) वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या सेकंदांत असते, तिला ना शिकागो माहीत ना कोल्हापूर. झोन फक्त दाखवताना लागतो, आणि ‘सकाळी नऊपासून’ अशी वेळ मागितलीत तर ती समजून घेताना.

आता माझं प्रकरण. एका दूध संघाच्या प्लँटवर मी सेन्सर आणि सर्व्हरचं काम बघायचो. नाव सांगत नाही, जाणणारे जाणतील. दूध उतरवून घेतात तिथे फ्लोमीटर होता, तो दर मिनिटाला किती लिटर आलं ते पाठवायचा. कोल्ड रूमचं तापमानही यायचं. सगळं ग्राफाइटमध्ये. आमचे मुख्य इंजिनिअर, सगळे त्यांना अण्णा म्हणत, रोज सकाळी आदल्या दिवसाची लिटरची बेरीज छापून घ्यायचे आणि रजिस्टरशी ताडून बघायचे. ती जुळेना. टाइम झोन बरोबर घातलेला होता, आलेखावरची वेळ बरोबर दिसत होती, तरी बेरीज जुळेना.

का ते कळायला मला सोर्स उघडावा लागला. समराइझ या बेरीज करून देणाऱ्या फंक्शनला ‘एक दिवस’ सांगितलं की ते युनिक्स सेकंदांना दिवसाच्या सेकंदांनी भागतं. म्हणजे त्याचा दिवस यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री सुरू होतो, आपल्या पहाटे साडेपाचला. टाइम झोनच्या ओळीकडे ते ढुंकूनही बघत नाही. आता दूध संघात पहाटे साडेपाच म्हणजे काय वेळ असते! साडेपाचच्या आत जेवढं दूध उतरलं ते आदल्या दिवसात, त्यानंतरचं आजच्यात. एकाच सकाळच्या दुधाचे दोन तुकडे. बहुतेक ऑफिसांत पहाटे साडेपाचला सगळं निपचित असतं म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अण्णांनी माझी वाट पाहिली नाही. त्यांनी टाइम झोन यूटीसी केला आणि पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाइमस्टॅम्पला १९८०० मिळवले. दुसऱ्या दिवसापासून बेरीज लिटरला लिटर जुळली. मीटिंगमध्ये ते कागद हलवत म्हणाले, "झालं ना? सेटिंगचा एवढा बाऊ कशाला करायचा?"

आणि खरंच, कागदावर सगळं जुळत होतं. अक्षावरचे आकडेही आपल्या घड्याळासारखे दिसत होते. भानगड अशी की व्हिस्पर भविष्यातला डेटा देत नाही. कार्बन (आलेले आकडे स्वीकारणारा ग्राफाइटचा भाग) तो लिहून घेतो, पण वाचताना ‘आत्ता’च्या पुढचं सगळं कापलं जातं. साडेपाच तास पुढचा शिक्का मारलेला आकडा पडद्यावर यायला साडेपाच तास लागतात. अण्णा बघायचे कालचा रिपोर्ट, त्यांना फरक पडत नव्हता. रात्रपाळीवाल्याला पडत होता.

एका पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी कोल्ड रूमच्या ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, दारावरचा डायल बारा दाखवतोय आणि तुमचा पडदा चार. कुणाचं खरं धरू?" टेम्पो लागलेले, कॅरेट बाहेर काढायचं काम चालू, दार सारखं उघडं, आणि कॉम्प्रेसर कधीतरी मध्यरात्रीनंतर ट्रिप झालेला. पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात ४ डिग्री. आलेखाच्या उजव्या टोकाला बारीक अक्षरात २२:४० लिहिलेलं होतं, म्हणजे तो आकडा रात्री पावणेअकराच्या सुमाराचा होता. पण मोठा आकडा समोर असताना कोपऱ्यातली वेळ कोण वाचतंय? त्या गड्यानं डायलवर विश्वास ठेवला, लोडिंग थांबवलं, कॉम्प्रेसर चालू करून घेतला. माल वाचला. अलार्म? तोही त्याच ग्राफाइटला विचारूनच वाजायचा. तो सकाळी वाजला, सगळं सुरळीत झाल्यावर.

यावर अण्णांचं उत्तर काय असेल? "पण बेरीज जुळत होती ना?"

म्हणून सांगतो, बेरीज जुळवायचा सरळ रस्ता आहे आणि तो मी तेव्हाच सुचवला होता. स्क्रिप्ट खरी वेळ पाठवू दे. झोन आशिया/कोलकाता ठेवा. समराइझला शेवटी ‘अलाइन-टू-फ्रॉम’ हा पर्याय ट्रू द्या, आणि ‘फ्रॉम’ आपल्या मध्यरात्रीचा द्या. मग दिवसाचे कप्पे तुम्ही दिलेल्या वेळेपासून पडतात, पहाटे साडेपाचपासून नाही. ग्राफानातून (डॅशबोर्ड दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर) बघत असाल तर रेंज ‘आजचा दिवस’ किंवा ‘काल’ अशी ठेवा. ‘गेले चोवीस तास’ ठेवलीत तर कप्पा तुम्ही बघाल त्या मिनिटापासून सुरू होईल आणि पुन्हा तेच रडगाणं.

दुसरा सल्ला कुठल्याही इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा दिसणार नाही. रिटेन्शनमध्ये (आकडे किती बारकाईनं आणि किती दिवस ठेवायचे त्या सेटिंगमध्ये) एक तासाचा टप्पा ठेवू नका, अर्ध्या तासाचा ठेवा. व्हिस्परचे तासही यूटीसीचे, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ ते साडेदहा. जुना डेटा एकदा तासात गोळा झाला की तुमची मध्यरात्र त्या तासाच्या बरोबर मध्ये पडते आणि मग कुठलंही फंक्शन ती वेगळी काढू शकत नाही. ‘१ मिनिट ३० दिवस, ३० मिनिटं ५ वर्षं’ असं, म्हणजे दर मिनिटाचा आकडा ३० दिवस आणि दर अर्ध्या तासाचा ५ वर्षं, ठेवलंत तर एका मेट्रिकची (मोजल्या जाणाऱ्या एका गोष्टीची) फाइल साधारण दीड एमबी होते, कारण एका नोंदीला १२ बाइट लागतात आणि फाइलीची सगळी जागा आधीच अडवली जाते. तासाच्या टप्प्यानं त्यातला अर्धा एमबी वाचतो. डिस्कचं कारण सांगून अण्णांनी हेही नाकारलं होतं. अर्धा एमबी!

आणि स्टोरेज स्कीमाची, म्हणजे रिटेन्शन जिथे लिहितात ती, नमुना फाइल तशीच उचलली असेल तर आत्ताच बघा, तिच्यात सरसकट सगळ्यासाठी ‘६० सेकंद, १ दिवस’ आहे. कालच्या आधीचं सगळं गेलं समजा. लिटरसारख्या गोष्टीला ॲग्रिगेशन (जुने आकडे मोठ्या टप्प्यात गोळा करायची पद्धत) ‘सम’, म्हणजे बेरीज, हवं, डिफॉल्ट सरासरी आहे. एक्स-फाइल्स-फॅक्टर ०.५ असतो, म्हणजे अर्ध्या तासातल्या निम्म्या मिनिटांनाही आकडा आला नाही तर तो अर्धा तास कोराच राहतो. आमचा मीटर दूध नसताना गप्प बसायचा, तिथे हा फॅक्टर शून्यच ठेवावा लागला. यातलं काहीही बदललंत तरी ते फक्त नवीन फाइलींना लागतं. जुन्या फाइली व्हिस्पर-रिसाइझनं बदलून घ्याव्या लागतात, आधी कॉपी ठेवून.

लोकल सेटिंग्जमधलं बाकीचं: सीक्रेट की बदला, नाहीतर ग्राफाइट स्वतःच कुरकुर करतं. अलाउड होस्ट्समध्ये (कोणत्या नावानं आलेल्या विनंत्या घ्यायच्या त्या यादीत) तुमच्या मशीनचं नाव घाला. डेटाबेस एसक्यूलाइटच राहू द्या, त्यात युजर, डॅशबोर्ड आणि इव्हेंट असतात, मेट्रिक नसतात.

थोडं सावरून घेतो. डॉकरची अधिकृत इमेज (सगळं आधीच बसवलेलं तयार पॅकेज) वापरत असाल तर शिकागो भेटणार नाही, तिथे डिफॉल्ट यूटीसी आहे आणि झोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यायचा असतो. ग्राफानाचा झोन वेगळा, तो ब्राउझरचा घेतो, त्यामुळे निव्वळ ग्राफाना बघणाऱ्याला वेळ बरोबरच दिसते आणि तो तुम्हालाच वेड्यात काढतो. तुमचे सिनिअर जर फक्त कालचा छापील रिपोर्ट बघत असतील आणि अलार्म कुठेच नसेल, तर १९८०० नं आज काही बिघडणार नाही हेही कबूल. पण अलार्म उद्या कुणीतरी लावणारच, आणि त्याला हे १९८०० कुणी सांगणार नाही.

तुमच्याकडे ते आधीच मिळवून झालं असेल तर नुसती ओळ काढून टाकू नका. पुढच्या साडेपाच तासांच्या जागेवर आकडे आधीच लिहिलेले आहेत, नवे खरे आकडे त्यांच्यावर चढतील आणि तेवढ्या वेळाचा डेटा जाईल. त्यापेक्षा मेट्रिकला नवीन नाव द्या आणि त्यात खरी वेळ पाठवायला लागा. जुनी फाइल जुन्या नावानं पडू दे. एकत्र आलेख हवा असेल तर जुन्या मालिकेला टाइम-शिफ्ट लावून शेजारी ठेवता येते.

मेमकॅशचं राहिलं. एक सर्व्हर आणि बघणारी चार माणसं असतील तर नको. लावलंच, तर डिफॉल्टनं ६० सेकंद जुनं उत्तर मिळू शकतं हे अलार्म लावणाऱ्याला आधी सांगून ठेवा.