आधी खेळ एकत्र पाहा, करार नंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. फिनलंड, ऑस्ट्रेलिया आणि आपला पालघर जिल्हा, तिन्हीकडची तीन ते सहा वयाची मुलं आणि त्यांचा कल्पनेचा खेळ. विषय मोलाचा आहे, जरूर कर. पण तू प्रश्नावली दुसऱ्या महिन्यात ठेवली आहेस, संस्थांमधला करार तिसऱ्यात आणि खेळाचं पहिलं चित्रीकरण थेट सातव्यात. हा क्रम उलटा कर. तिन्ही गटांनी एकच चित्रफीत शेजारी शेजारी बसून पाहिली पाहिजे, 'यात खेळ कुठे सुरू झाला' यावर मनसोक्त वाद घातला पाहिजे. तोवर एकही साधन पक्कं करू नकोस. अशी सहकार्यं फसतात ती बहुधा इथेच, आणि ते कळतं तेव्हा निम्मा निधी संपलेला असतो.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. अंगणवाडीच्या ओट्यावर पाच वर्षांची मुलगी बसली आहे. कडेवर तिचा खराखुरा धाकटा भाऊ. पुढ्यात बाटलीची झाकणं, पळसाच्या पानावर माती. ती मातीचा घास करून भावाच्या तोंडाजवळ नेते, 'गरम आहे हं' म्हणत फुंकर मारते आणि घास बाजूला टाकते. मग पदर नसलेल्या खांद्यावरचा पदर सावरते. हेलसिंकीतला संकेतक, म्हणजे फीत पाहून नोंदी करणारा, याची नोंद 'भावंड सांभाळणं, म्हणजे काम' अशी करू शकतो. मेलबर्नचा 'वस्तूची अदलाबदल' एवढंच लिहील. आपली सेविका म्हणेल, भातुकली चालली आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कींनी 1933 सालच्या खेळावरच्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचा दाखला दिला होता. त्या 'बहिणी-बहिणी' खेळतात, आणि एरवी नकळत पाळले जाणारे बहीणपणाचे नियम खेळात मुद्दाम पाळतात. आपल्या या मुलीचं तसंच आहे. ती खरंच भाऊ सांभाळते आहे आणि त्याच वेळी आई झाली आहे. तुमच्या संकेतावलीत, म्हणजे नोंदींच्या ठरलेल्या वर्गांच्या यादीत, एका क्षणाला एकच रकाना असेल तर हा सगळा प्रसंग हातचा जाईल. म्हणून तीन थर वेगवेगळे नोंदवा: प्रत्यक्षात काय चाललं आहे, खेळाबाहेर राहून मुलं काय ठरवत आहेत ('तू आई हो, मी बाजारात गेले होते'), आणि भूमिकेच्या आत काय बोललं-केलं जातं. तिन्ही थर एकाच वेळी चालू असू शकतात हे सुरुवातीलाच मान्य करून घे.

तयार वर्गवाऱ्यांपासून जपून राहा. मुलं खेळात कितपत मिसळतात याची मिल्ड्रेड पार्टेन यांची 1932 सालची सहा प्रकारांची वर्गवारी अजून सर्रास वापरली जाते. ती अमेरिकेतल्या एका बालशाळेत, पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या निरीक्षणातून तयार झाली. पाड्यावर चार वर्षांचं पोर सात वर्षांच्या बहिणीच्या टोळीत 'कच्चा लिंबू' म्हणून खेळतं. त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते नियम बघतं, शिकतं, ओरडतं आणि पळतं. पार्टेनच्या चौकटीत ते 'नुसतं पाहणारं' ठरेल आणि अहवालात आपली मुलं सामाजिक खेळात मागे दिसतील. ही चूक मुलांची नाही, रकान्याची आहे. मिश्र वयाच्या खेळासाठी वेगळा संकेत मागून घे आणि त्यावर अडून बस.

हे काम नीट झाल्याचा दाखला आहे, आणि त्याचा एक धागा भारतातला आहे. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री, अर्तिन गोंचू आणि क्रिस्टीन मोझियर यांनी 1993 मध्ये चार वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला: ग्वाटेमालातलं सान पेद्रो, तुर्कस्तानातलं केचिओरेन, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी आणि भारतातलं ढोल-की-पट्टी. प्रत्येक ठिकाणची फक्त चौदा लहानगी. तुर्की आणि अमेरिकी आया मुलांच्या खेळगडी होत. ढोल-की-पट्टी आणि सान पेद्रोत खेळायला भावंडं असत, आई हातातलं काम न सोडता लक्ष ठेवी आणि लागेल तेव्हाच पुढे होई. एकदम दोन-तीन गोष्टींवर ध्यान ठेवणं तिथल्या मुलांना चांगलं जमे. 'आई मुलाशी किती मिनिटं खेळते' एवढंच मोजलं असतं तर यातलं काही हाती लागलं नसतं. तुझ्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न नेमका हाच आहे. तो काढ. 'मूल कोणाबरोबर खेळतं, आणि तेव्हा मोठी माणसं कुठे असतात' असं विचार.

एकत्र पाहण्याची रीत जोसेफ टोबिन आणि सहकाऱ्यांनी जपान, चीन आणि अमेरिकेतल्या बालशाळांसाठी बसवली. ती तशीच उचलता येते. प्रत्येक ठिकाणचा एक दिवस चित्रित करायचा आणि वीस मिनिटांवर आणायचा. तो आधी त्याच शिक्षिकेला दाखवायचा, मग त्याच देशातल्या इतर शिक्षिकांना, मग दुसऱ्या देशांतल्या. चित्रफीत हा इथे प्रश्न असतो, पुरावा नव्हे. पालघरची फीत सेविकेनेच सगळ्यांत आधी पाहावी आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवलेलं असावं. तिच्याआधी फिनिश प्राध्यापकांचं मत आलं की ती गप्प बसते आणि सगळ्या बैठकीचा सूर बदलतो.

संकेतनाचा हिशेब असा. वीस टक्के फिती दोन माणसांनी स्वतंत्रपणे संकेतित कराव्यात, आणि त्यातला एक संकेतक दुसऱ्या देशातला असावा. दोघांच्या नोंदी योगायोग वगळून किती जुळतात हे सांगणारा आकडा, म्हणजे कॅपा (kappa), प्रत्येक संकेताचा वेगळा काढा, सगळ्यांचा मिळून एक आकडा देऊ नका. भूमिकाबदलासारखे संकेत विरळ येतात, तिथे दोघांचं जवळजवळ सगळं जुळूनही कॅपा घसरतो. म्हणून सोबत साधी टक्केवारीही छापा. निम्म्या फिती झाल्या की पुन्हा तपासा, कारण संकेतक महिनाभरात नकळत आपापल्या वाटेने जातात. नोंदीसाठी नायमेखेनच्या मॅक्स प्लांक संस्थेचं 'एलान' हे सॉफ्टवेअर वापर. ते फुकट आहे आणि त्यात तीन थर एकाखाली एक ठेवता येतात.

आता खेळजगाबद्दल ('प्लेवर्ल्ड'), कारण आराखड्यात तो भाग सर्वांत कच्चा आहे. स्वीडनमध्ये गुनिला लिंडक्विस्ट यांनी 1990 च्या दशकात ही वाट पाडली. मोठी माणसं गोष्टीतलं पात्र होऊन मुलांच्या खेळात उतरतात. फिनलंड आणि लिथुआनियात पेंटी हाक्काराइनेन आणि मिल्डा ब्रेडिकिते यांनी ती पुढे नेली. मोनॅश विद्यापीठात मॅरिलिन फ्लीअर यांनी तिला पाच अंगं दिली: गोष्टीची निवड, जागा, आत-बाहेर जाण्याची रीत, सोडवायचा पेच आणि मोठ्यांच्या भूमिका. तुझे ऑस्ट्रेलियातले सहकारी त्यांच्याकडचं चित्रमय पुस्तक पाठवू पाहत आहेत. नको म्हण. सगळ्यांची पद्धत एक असावी, गोष्ट एक असण्याची गरज नाही. आपल्याकडे 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' घे. मुलांना ती तोंडपाठ असते, म्हणून पहिल्या दिवसापासून ती गोष्टीच्या पुढे जाऊ शकतात.

पाच अंगं त्यावर बसवून पाहा. जागा म्हणजे खोली आणि अंगण, मधला उंबरा म्हणजे जंगलाची वेस. आत जाताना सगळ्यांनी 'टुणुक टुणुक' म्हणत उंबरा ओलांडायचा, बाहेर येतानाही तसंच. ही रीत वगळली की तीन वर्षांची मुलं वाघाला खरोखर घाबरतात आणि सेविका खेळ बंद करते. पेच असा: भोपळा उतारावर थांबतच नाही, म्हातारीला चक्कर येते, काय करायचं? इथे उतार, वेग, अडसर या कल्पना खेळातूनच येतात. मुलं दगड आणतात, वाळू पसरतात, कोणीतरी वाघालाच भोपळा धरायला सांगतं. सेविका म्हातारी होईल, मदतनीस ताई वाघ. म्हातारीला काही सुचत नसतं, ती मुलांनाच विचारते. नेमकी इथे चूक होते. सेविका पात्रातून बाहेर येऊन 'सांगा पाहू, भोपळ्याचा आकार कोणता?' विचारते आणि खेळ तिथेच मोडतो. तिला दोष देऊ नकोस, पर्यवेक्षिकेच्या भेटीत तिला हेच विचारलेलं असतं. सरावाची निदान चार सत्रं मुलांशिवाय, फक्त सेविका-मदतनीसांबरोबर घे. एका गोष्टीला सहा सत्रं दे, प्रत्येक अर्ध्या तासाचं. त्याहून कमीत मुलं स्वतःचे पेच आणायला लागत नाहीत.

चित्रीकरणाला दोन कॅमेरे. एक कोपऱ्यात स्थिर, मुलांच्या नजरेच्या उंचीला. दुसरा हातात. आवाजासाठी सेविकेच्या खांद्याला वेगळा माइक हवाच, पत्र्याखाली पावसात कॅमेऱ्याला काही ऐकू येत नाही. पहिल्या दोन भेटींतलं चित्रण विश्लेषणात धरू नकोस. दहा अंगणवाड्या, सहा सत्रं, अर्धा तास, दोन कॅमेरे म्हणजे साठ तास. तासाला सात-आठ जीबी धरले तर साडेचारशे जीबीच्या आसपास. दोन हार्डडिस्क वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. एका तासाच्या चित्रणाच्या शब्दांकनाला आठ-दहा तास लागतात, वारली बोलीला त्याहून जास्त. त्याच पाड्यातले तरुण त्यासाठी घे आणि पूर्ण मोबदला दे. वारली बोलणं आधी वारलीतच लिहून घ्यायचं. थेट इंग्रजीत उतरवलं तर भूमिकेतला बदललेला सूर आणि शब्द दोन्ही जातात.

संमतीचे चार वेगळे रकाने ठेव: आपल्या गटाने पाहणं, परदेशी सहकाऱ्यांनी पाहणं, परिषदेत दाखवणं, छापणं. पालक पहिल्या दोनला हो म्हणून शेवटच्या दोनला नाही म्हणू शकतात, ते त्यांना तोंडी समजावून सांग. अंगठा असेल तिथे साक्षीदाराची सही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि फिनलंडच्या बाजूला युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा लागू होतो. दोन्हींत जो नियम कडक असेल तो पाळ. नकार दिलेल्या घरचं मूल खेळाबाहेर बसवायचं नाही, त्याचा चेहरा धूसर करायचा. मुलाने तोंड फिरवलं, कॅमेऱ्यावर हात ठेवला, मदतनीस ताईंच्या मागे गेलं, तर तो त्याचा नकार आहे. त्या दिवशी त्याचं चित्रण बंद.

नमुन्यात एक मोठी अडचण आहे. वीस अंगणवाड्यांतली चारशे मुलं तू चारशे धरली आहेस. एका अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असतात. गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे हे साम्य, 0.15 धरला तर रचना-परिणाम, म्हणजे नमुना कितीपट कमी भरतो ते, 1 + 19 × 0.15, म्हणजे 3.85 येतो, आणि चारशे मुलं जेमतेम 104 इतकीच माहिती देतात. मुलं वाढवून फारसा उपयोग नाही, अंगणवाड्या वाढव. दुसरं, आधीची नोंद ऑक्टोबरात आणि नंतरची फेब्रुवारीत ठेवली आहेस. दिवाळीनंतर पाड्यावरची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. जी मुलं उरतील ती निवडून उरलेली असतील. सगळं काम जुलै ते दिवाळी यात बसव. फिनलंडमध्ये जुलै सुट्टीचा असतो, म्हणून संकेतावली जूनआधी हातावेगळी कर.

परवानगीसाठी एकात्मिक बालविकास आयुक्तालय, मग जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, मग बालविकास प्रकल्प अधिकारी. तीन महिने धर. परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर येऊन चित्रीकरण करणार नाहीत, हे त्यांना आत्ताच लिहून टाक. पैशाचं: परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांवर नेता येत नाही. तुझ्या आराखड्यात पुण्याची संस्था पालघरच्या संस्थेला हप्ते देणार आहे. ते चालणार नाही. दोघींचा करार थेट परदेशी विद्यापीठाशी व्हावा आणि दोघींची या कायद्याखाली नोंदणी हवी.

आणि एक. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पाड्यावरच्या बिया, शिंपले, पानं यांतून शिक्षणसाधनं उभी केली, शाळा मुलांच्या अंगणात नेली. ते काम तुझ्याच जिल्ह्यातलं आहे. प्रस्तावात ते सैद्धांतिक आधाराच्या भागात यायला हवं. आत्ता ते 'स्थानिक पार्श्वभूमी'च्या दोन ओळींत आहे, आणि युरोपीय विचारवंतांना चार पानं आहेत.

पहिली बैठक आपल्या दुपारी दीडला ठेव. जानेवारीत तेव्हा हेलसिंकीत सकाळचे दहा आणि मेलबर्नला संध्याकाळचे सात असतात. अंगणवाडी सुटलेली असते, म्हणजे सेविकाही बसू शकेल. तिच्यासाठी दुभाषी आणि दिवसाचं मानधन खर्चात धर. बैठकीआधी तीन मिनिटांची एकच फीत पाठव, संमती घेतलेली, इंग्रजी अक्षरांशिवाय, आणि प्रत्येकाला एवढंच विचार: खेळ कोणत्या सेकंदाला सुरू झाला? उत्तरं आली की मला पाठव, मग संकेतावलीचा पहिला मसुदा बरोबर बसून करू.