व्हीपीएन जोडले जाते, पण सर्व्हरवरचा फोल्डर उघडत नाही

तुमची अडचण अशी आहे: हडपसरच्या घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कात शिरण्याची सुरक्षित वाट) जोडले जाते, परंतु सदाशिव पेठेतील कार्यालयाच्या सर्व्हरवरचा शेअर केलेला फोल्डर उघडत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र तोच फोल्डर उघडतो. शिवाय कार्यालयातील दोन नव्या विंडोज ११ प्रो लॅपटॉपवर जुना नॅस (फायली साठवणारी, नेटवर्कला जोडलेली पेटी) उघडत नाही, आणि या सगळ्यावर उपाय म्हणून संगणक दुरुस्तीवाल्यांनी सर्व्हरची फायरवॉल बंद करून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याचा, ३३८९ पोर्ट उघडून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांना तूर्त थांबवा. हे दोन वेगवेगळे बिघाड असून फायरवॉलचा दोन्हींशी संबंध दिसत नाही.

हॉटस्पॉटचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण निदान तिथेच आहे. हॉटस्पॉटवरून फोल्डर उघडतो, म्हणजे सर्व्हर, परवानग्या, पासवर्ड आणि व्हीपीएन हे सारे ठीक आहे. फरक उरतो तो घरच्या राउटरचा. घरी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवून पाहा. बहुधा लॅपटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला असेल आणि कार्यालयातही पत्त्यांची तीच रेंज असेल, कारण राउटर खोक्यातून जसा निघाला तसाच दोन्हीकडे लावलेला असतो. मग सर्व्हरचा पत्ता समजा १९२.१६८.१.१० असला, तर लॅपटॉप त्याला घरातलेच यंत्र समजतो आणि व्हीपीएनकडे न वळता घरच्या वायफायवरच त्याला हाका मारत बसतो.

रेंज बदलायची ती कार्यालयाची. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरचा राउटर बदलत बसणे शक्य नाही. १९२.१६८.५७ सारखी, सहसा कोणी न वापरणारी रेंज निवडा आणि सर्व्हरला त्यात कायमचा पत्ता द्या, नाही तर गुरुवारी वीज जाऊन आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि शुक्रवारी सकाळी ‘सर्व्हर गायब’ असे फोन सुरू होतात. लक्ष्मी रस्त्यावरील एका कार्यालयात मी हे काम शनिवारी संध्याकाळी घाईने उरकले होते. संगणक सगळे चालले, परंतु सोमवारी कळले की बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्र जुनाच पत्ता धरून बसले आहे आणि त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. म्हणून प्रिंटर, हजेरीचे यंत्र आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांचे पत्ते आधी कागदावर उतरवून घ्या, आणि रविवार पूर्ण मोकळा ठेवा.

नॅसचे कारण निराळे आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून जोडणे मुळातच बंद केले आहे आणि एसएमबी (विंडोजची फायली शेअर करण्याची पद्धत) सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, सक्तीचे झाले आहे. जुन्या नॅसवर सगळे गेस्ट म्हणूनच शिरत असावेत. नॅसचे फर्मवेअर अद्ययावत करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव व पासवर्ड द्या. विंडोजमध्ये एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पसरले ते त्यातल्याच त्रुटीतून.

यानंतरही अडले, तर पिंगवर (यंत्र उत्तर देते का हे पाहण्याची चाचणी) विसंबू नका, कारण पिंग अडवलेले असूनही शेअर चालू शकते. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ वापरून सर्व्हरचा फायली शेअर करण्याचा ४४५ पोर्ट तपासा. तो लागत नसेल तर दोष वाटेत आहे. लागत असून ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल तर शेअरच्या आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरील फोल्डरच्या) परवानग्या दोन्ही पाहा, कारण त्यांतली जी कडक तीच लागू होते. १२१९ क्रमांकाची त्रुटी आली, तर त्या संगणकाने त्याच सर्व्हरला आधीच दुसऱ्या नावाने जोडून घेतलेले आहे. ती जोडणी तोडा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्डही काढून टाका.

राहिला ३३८९ चा प्रश्न. रिमोट डेस्कटॉपचा हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला की पासवर्ड ओळखण्याचे स्वयंचलित प्रयत्न सुरू होतात, आणि रॅन्समवेअर आत शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. पोर्टचा क्रमांक बदलल्यानेही ती बंद होत नाही, कारण स्कॅन करणारे सगळेच पोर्ट चाचपतात. व्हीपीएन तुमच्याकडे आहेच, तेव्हा रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतूनच चालवा, आणि राउटरवर तो पोर्ट आधीच उघडून झाला असेल तर रविवारची वाट न पाहता आजच बंद करा.