स्पॅनिशमधलं 'अजून करतोय'

'अजून विणतोय' म्हणायला सेगीर (चालू ठेवणं) हे क्रियापद वापर आणि पुढचं क्रियापद -आन्दो किंवा -इएन्दो रूपात ठेव. चादर विणणाऱ्याबद्दल: सिगे तेहिएन्दो (सिगे हे सेगीरचं 'तो' साठीचं रूप). तिथे तेहेर हे मूळ रूप लावलंस की वाक्य मोडतं.

खरी गोची मराठीमुळे होते. आपलं 'राहतोय' चालू क्रियाही सांगतं आणि कालावधीही. 'पाच वर्षं सोलापुरात राहतोय' याला एस्तार (असणं) नको, येबार (शब्दशः नेणं) घे: येबो सिंको आन्योस बिबिएन्दो एन सोलापुर. कालावधी सहसा दोन क्रियापदांच्या मधे बसतो.

नकारात सिन (शिवाय) आणि मूळ रूप: सिगे सिन येगार, अजून पोहोचला नाही. स्थिती सांगताना एस्तान्दो (एस्तारचं -आन्दो रूप) घालायची गरज नाही, नुसतं विशेषण पुरतं: सिगो कान्सादो, अजून दमलोय. मुलगी बोलत असेल तर कान्सादा.